मुंगश्या रोहिणखेडले आहे

वरवट बकाल
१२ जुलै २००७

नाजिश,

जय भीम अन् सलाम, दोन्ही घे.

तुम्ही गाव सोडून खामगावले गेले तवापासून तुहं एकच पत्र आलं, तेही पाच ओळीचं. बोलाले तं तू लाजतच होती, लिहाले काऊन लाजतं? बाईनं नाव विचारलं तरी तू माह्याकडे पाहे अन् मी उभी राहून सांगो, "बाई, तिचं नाव नाजिश." सातवीत तू शाळा सोडली तो निरोपही बाईले मीच सांगतला. आता तुह्या वतीनं पत्रही मीच लिहू का?

मेहबूब चाचाले चौकीदारी लागली अन् तू अन् इमामबी चाची तिथंच झाडपूस करता, हे खामगावले जाऊन आलेल्या बेबीताईनं सांगतलं. मेलेल्या जनावराचं संग्रहालय आहे म्हणे. तुले भेव नाही लागत का वं?

तुह्याशी एक काम आहे. बाबानं दोन वर्साखाली आमच्या मुंगश्याले रोहिणखेडच्या एका शेतकऱ्याले देल्लं, तुले आठवत असेल. जोडीतला चांद्या मेला, एकट्या बैलाले कोण ठेवते. बाबा म्हणते चांगल्या घरी पडला, विहिरीले पाणी आहे, बांधाले गवत आहे. पण आबानं त्या शेतकऱ्याचं नाव विचारलं का बाबा ताटावरून उठते.

आबा आता ऐकतच नाही. म्हणते, दोन पोळे गेले, मुंगश्याचा खांदा कोणं मळला असेल? म्या त्याच्या कानात 'आज आवतन घे, उद्या जेवाले ये' म्हटलं नाही तं तो जेवला कसा असेल? मी म्हटलं, आबा, आपण बौद्ध झालो, देव सोडले, मंग पोळ्याचं काय घेऊन बसले? तं म्हणे, "पोरी, पूजा देवाची असते. खांद्याले लोणी लावणं ही पूजा नोहे, मजुरी होये. वर्सभर जू त्यानं ओढलं. त्याची मजुरी मी काऊन बुडवू?"

रोहिणखेड तुह्या मामूचं गाव ना? त्याले म्हणा मुंगश्याले पाहून ये. खुणा लिहून देते. रंग मुंगसासारखा. उजवं शिंग डोळ्यात शिरे म्हणून आबानं त्याचं टोक कापून पितळेची शेंबी बसवली. वासरू होता तवा पायविहिरीत पडला होता, त्याच्या डाव्या बरगडीवर गाठ आहे, हात लावला का लागते.

यंदाच्या खांदेमळणीले, पोळ्याच्या आदल्या दिवशी, आबा रोहिणखेडले जाईन म्हणते. त्याचा एक डोळा गेला, दुसऱ्यात मोतिबिंदू. पण जाईन म्हणते.

लवकर लिहजो.

तुही मंजुश्री


खामगाव
२१ जुलै २००७

मंजू,

सलाम. तुहं पत्र दोनदा वाचलं. मले लिहाले जमत नाही, चुका झाल्या तं हसू नको.

हे पहिले जिन होतं. कापसाची सरकी काढाचं. बंद पडलं मंग कॉलेजातून रिटायर झालेल्या भगवंतराव सरनं ते घेतलं अन् त्याच्यात आपली जनावरं मांडली. जिथं सरकी काढाचे रेचे होते तिथं आता काचेच्या पेट्या आहेत. एका पेटीत नुसती फुलपाखरं. एकीत बोंडअळ्या, पाण्यासारख्या औषधात बुडवलेल्या, लहान, मोठी, त्याच्याहून मोठी. शेतकरी येतेत तं त्या पेटीपाशीच उभे राहतेत, वाघाकडे पाहतही नाहीत. म्हणतेत बिटी कपाशी आली, आता हिचं काम संपलं. सर म्हणतेत पाहू.

अंबाबरव्याच्या जंगलातलं एक अस्वल आहे. त्याचा एक डोळा काचेचा अन् दुसरा शर्टाची गुंडी. पहिले दोन दिवस मी त्याच्या मांगून झाडू मारला, समोर गेली नाही. आता सवय झाली. आढ्यात अजूनही जुनी रुई अडकेल आहे. वारा सुटला का खाली पडते. रोज सकाळी मी अस्वलाच्या कानातला कापूस काढते. अब्बा म्हणते, "जिंदगीभर रुई पिंजी, अब रीछ के कान की रुई निकालो." लोकं फोमच्या गाद्या घेतेत, अब्बाची धनुकली दाराआड टांगेल आहे.

लोकं मले विचारतेत हे काय, ते काय. मले समदं ठाऊक आहे पण तोंडातून निघत नाही. मी संडासाकडे बोट दाखवते. त्याईले वाटते मले तेवढंच येते.

मंजू, मी हे लिहू का नको म्हणून पत्र तीन दिवस ठेवलं.

जिथं कापसाच्या गाठी बांधत होते त्या खोलीत एक बैल उभा आहे. नुसती हाडं. तारेनं बांधेल. आम्ही आलो तवा तो पेटाऱ्यात होता, आखाडात सरनं उभा केला. मी त्याले रोज ओल्या फडक्यानं पुसते. त्याच्या डाव्या बरगडीवर गाठ आहे. उजव्या शिंगाचं टोक कापेल आहे अन् वर पितळेची शेंबी आहे.

तुहं पत्र आलं तवा मी अब्बाले विचारलं. अब्बा खाटेवर उठून बसले. मंग म्हणे, दोन वर्साखाली उन्हाळ्यात ते इथल्या बैलबाजारात गादीचं गिऱ्हाईक पाहाले गेलते. दलालाच्या दावणीत एक बैल बसेल दिसला, उठत नव्हता. शेंबीवरून अब्बानं ओळखला. पोता ओला करून अंगावर टाकला, पाण्याची बादली आणली. संध्याकाळपर्यंत त्याच्यापाशी बसले. तो गेला. दलाल हाडाच्या कारखान्यात फोन लावून राह्यला होता. अब्बा जनावराची हाडं जमवणाऱ्या भगवंतराव सरच्या घरी गेले, म्हणे, साहेब, हे जनावर वळखीचं आहे, याले चुरा नका होऊ देऊ. सरनं जिनाच्या मांगं पुरला. वर्सभरानं हाडं काढली. अब्बाले इथं काम लागलं ते त्याच वळखीनं.

म्या विचारलं, गावात काऊन नाही सांगतलं? म्हणे, "मंजू के आबा को, किसनभाऊ को, किस मुँह से बोलता?"

मंजू, मुंगश्या रोहिणखेडले नाही.

नाजिश


वरवट बकाल
२९ जुलै २००७

नाजिश,

तुले लाज नाही वाटत असं लिहाले? शिंग कापेल बैल काय एकटा आमचाच आहे? माहा बाप खोटं नाही बोलत. त्यानं रोहिणखेड म्हटलं म्हणजे रोहिणखेड. मेलेल्या जनावरात राहून राहून तुले सगळीकडे मेलेलंच दिसते. मामूले विचाराचं नसन तं नाही म्हण, पण असं अभद्र लिहू नको.

३१ जुलै

हे वरचं पत्र टाकलं नाही. फाडणार होती पण अंतर्देशीय एवढंच आहे.

काल बाबा वावरातून आला. आबा पारावर होता. म्या बाबाले विचारलं, मुंगश्या बाजारात विकला का? बाबानं पायातल्या चपला काढल्या, मंग पुन्हा घातल्या. म्हणे, "चार घरी फिरलो मंजू. कोणी घेईना. ज्वारी कोणी पेरत नाही, समदीकडे बिटी अन् सोयाबीन, कडबा कुठून आणू? ट्रॅक्टर येते, तासाभरात वावर करून जाते. रोज सकाळी तो माह्याकडे पाहे. माह्याच्यानं पाहावत नव्हतं." म्या म्हटलं मंग रोहिणखेड काऊन सांगतलं? तं म्हणे, त्या वक्ती तोंडात तेच गाव आलं. पुढं काय झालं ते त्यालेही ठाऊक नाही. तो मेला, हे म्या त्याले सांगतलं. बाबा लय वेळ न्हाणीत जाऊन बसला.

आबाले हे कळलं तं आबा बाबाशी बोलणार नाही, अन् आबाचे आता किती दिवस राह्यले? दोघं एका घरात न बोलता बसतीन, अन् त्याच्यात आबा जाईन. ते मले होऊ द्याचं नाही.

म्हणून तू एक कर. मामूचा निरोप आला असं एक पत्र लिह्य. मी आबाले वाचून दाखवीन. मुंगश्या मजेत आहे असं लिह्य. तुले खोटं बोलता येत नाही, तुले तं खरंही बोलता येत नाही. पण लिहाचं आहे, बोलाचं नाही.

मंजुश्री

वरचं वाचून रागावू नको.


खामगाव
८ ऑगस्ट २००७

मंजू,

रागावली नाही. हे घे. आबाले वाचून दाखव.

"किसन आबाले रोहिणखेडहून नाजिशच्या मामूचा सलाम. मुंगश्याले पाह्यलं. चांगल्या गोठ्यात आहे, वर पत्रं आहेत, पाणी गळत नाही. शेंबी चकचकीत आहे. बरगडीची गाठ हाताले लागली. कोणाले शिंग मारत नाही. शेजारी दुसरी जनावरंही आहेत, त्याईच्याशी भांडत नाही. आबानं घोर करू नये. येवढ्या लांब येऊ नये, रस्ता खराब आहे."

जमलं का? मले काही सुचत नव्हतं. मंग मी फडकं घेऊन त्याच्यापाशी गेली अन् जे दिसलं ते लिहीत गेली. खोटं म्हणून येवढंच आहे का तो रोहिणखेडले आहे.

आता पुसतानी मी त्याच्याशी बोलते. माणसाशी नाही जमत, त्याच्याशी जमते. तुमच्या घरचं सांगते. काल म्हटलं, मंजू दहावीले गेली.

नाजिश


वरवट बकाल
१९ ऑगस्ट २००७

नाजिश,

तुहं पत्र लय चांगलं झालं, अन् तेच वाईट झालं.

आबानं ते माह्याकडून रोज वाचून घेतलं. पारावर पुंजाजी बुढ्याले सांगून आला, "माहा बैल पत्र्याखाली राहते, तू गवताच्या खोपीत राहतं." पुंजाजी म्हणे, मंग तूच जाय बैलाच्या जागी. दोघं हसले. आबाले हसतानी पाह्यलं अन् मले रडू आलं.

पण आता तो जातोच म्हणते. पुढच्या महिन्याच्या दहा तारखेले खांदेमळणी. पळसाची पानं पाहून ठेवली, लोणी चांगुणा काकीले सांगून ठेवलं. रस्ता खराब आहे म्हटलं तं म्हणे, "रस्ता खराब हाये तं मुंगश्या कसा गेला? पायीच गेला ना?" बाबा तिथंच होता. बाबानं विळा उचलला अन् वावरात गेला. वावरात काही काम नव्हतं.

मी त्याची काठी लपवीन, चप्पल लपवीन. नाही तं त्या दिवशी पोट दुखते म्हणीन. तू घोर करू नको. मी जाऊ देत नाही त्याले.

मंजुश्री


वरवट बकाल
१३ सप्टेंबर २००७

नाजिश,

तुमच्या घरच्याईचे किती उपकार मानू ते समजत नाही.

दहा तारखेले आम्ही उठलो तं आबा नाही. काठी म्या लपवली होती, त्यानं जाडशी तुराटी घेतली. पहाटेच्या गाडीनं गेला, कंडक्टरनं बसवून देल्लं म्हणे. बाबा शेगावपर्यंत गेला शोधाले, तिथून परत आला. माय नुसती दारात. म्या मनात म्हटलं, गेला रोहिणखेडले, आता गावभर फिरीन, मुंगश्या कुठी म्हणून विचारीन, कोणी म्हणन कोणता मुंगश्या.

संध्याकाळी गाडीतून उतरला. पिशवीत लोण्याचा डबा रिकामा. चेहऱ्यावर काही नाही. हातपाय धुतले, ताटावर बसला अन् बाबाले म्हणे, "जानराव, मुंगश्या मजेत आहे. रोहिणखेडचा चारा मानला त्याले. तू चांगलं घर पाह्यलं बाप्पा."

बाबा घास हातात धरून तसाच बसला. मंग उठला, गोठ्यात गेला. गोठ्यात तं आता नुसती ट्रॅक्टरची फाळं अन् खताची पोती आहेत. मी मांगून गेली. बाबा खुंट्याले धरून रडून राह्यला होता. त्याले वाटलं आबाले कोणी फसवलं, अन् ते पाप त्याच्या माथी.

मामूनं कोणाचा बैल दाखवला वं? त्याच्याही बरगडीले गाठ होती का? आबाले दिसत नाही, पण हाताले तं कळते. दुसऱ्या दिवशी पोळ्याले आबानं खुंट्यापाशी ताट नाही ठेवलं. मागच्या दोन्ही वर्सी ठेवलं होतं. म्या विचारलं तं म्हणे, तिकडे जेवला असेल.

मामूले माहा सलाम सांग. त्या बैलाच्या मालकालेही.

मंजुश्री


खामगाव
२० सप्टेंबर २००७

मंजू,

मामूनं काही दाखवलं नाही. मामू त्या दिवशी बाजाराले गेलता, त्याले काही ठाऊकच नाही.

आबा इथं आलते.

सोमवार होता, संग्रहालय बंद. अम्मीले ताप, अब्बा दवाई आणाले गेलते. फाटक कोणी वाजवलं. म्या फटीतून पाह्यलं तं आबा. हातात पिशवी, पत्ता विचारत विचारत आलते. म्हणे, "मेहबूबची पोरगी का? चाल, मामूच्या गावाले जाऊ. मले घर सापडाचं नाही, तू दाखव."

म्या फाटक उघडलं.  तू असती तं तू बोलली असती. म्या पाणी आणलं. आबानं पाणी पेलं, मंग नाक वर करून वास घेतला. म्हणे, "हा जिन होये ना? कापसाच्या गाड्या घेऊन आम्ही इथंच येत होतो. वाटेत एक मुक्काम करून. गाड्याईची रांग लागे. मुंगश्याले अन् चांद्याले त्या चिंचेखाली सोडत होतो." चिंच अजून आहे. हात लावून पाह्यली त्याईनं.

मंग म्हणे, चाल, गाडी चुकन.

मंजू, म्या लय खटपट केली का म्हणावं, आबा, मामू गावाले गेला. आबा, रस्ता बंद आहे. येवढं मोठं पत्र लिहिलं होतं म्या, पण तोंडानं एक शब्द निंघाला नाही. आबा माह्याकडे तोंड करून उभे. त्याईच्या डोळ्यात दुधासारखं. म्या त्याईचा हात धरला अन् आत नेला. गाठीच्या खोलीत. अन् हात शिंगावर ठेवला.

आबाचं बोट शिंगावरून टोकाकडे गेलं. शेंबीवर थांबलं. शेंबी त्याईनं दोन बोटात धरून थोडी फिरवली. मंग हात खाली आला, कपाळाच्या हाडावर, मानेवर, एकेक मणका. कुठं काही शोधत नव्हते, घरातल्या अंधारात चालावं तसं. डाव्या बाजूले आले अन् बरगड्या वरून खाली मोजल्यासारख्या केल्या. गाठीवर हात राह्यला.

म्हणे, "पडला तवा इतकुसा होता. म्या त्याले खांद्यावर घेऊन पायऱ्या चढल्या."

मंग म्हणे, "केव्हा?"

म्या म्हटलं, "दोन वर्स झाले."

"जवळ कोण होतं?"

"अब्बा."

"पाणी पाजलं?"

"हो."

"पेला का?"

अब्बानं मले बादली आणली येवढंच सांगतलं होतं, पेला का नाही ते सांगतलं नव्हतं. म्या म्हटलं, "पेला, आबा. पोट भरून पेला."

आबा खाली बसले. पिशवीतून पळसाची पानं काढली, लोण्याचा डबा, हळदीची पुडी. मंग उभे राह्यले अन् म्हणे, "खांदा कुठी आहे वं याचा? मले सापडत नाही." मंजू, हाडाले खांदा कुठी असते. जू जिथं बसते तिथं आता काहीच नाही, नुसती हवा अन् तार. म्या त्याईचा हात पुढच्या पायावरच्या फऱ्याच्या चपट्या हाडावर नेला. आबानं तिथं हळद-लोणी लावलं. पानानं मळलं. दोन्ही बाजूनं. लय वेळ. वरून रुई पडत होती, ती लोण्याले चिकटे, आबा बोटानं काढे अन् पुन्हा मळे.

मंग त्याच्या कानाशी गेले. कान नाही, जिथं असते तिथं. म्हणे, "आज आवतन घे..." अन् थांबले. पुढचं आलंच नाही.  शेवटी म्हणे, "उद्या जेवाले नको येऊ. लांब पडते तुले. आता मीच येईन."

फाटकापाशी मले म्हणे, "जान्याले सांगू नको मी इथं आलो म्हणून. त्यानं रोहिणखेड म्हटलं, मंग रोहिणखेड. पोरगा होये माहा. त्याच्यावर काय वेळ आली असेल, ते मी नाही समजणार तं कोण समजन?" म्या विचारलं, मंजूले सांगू का? तं म्हणे, तिले सांग, ती रडन पण चूप राहीन.

दुसऱ्या दिवशी मुंग्या लागल्या. सरनं पाह्यलं, म्हणे, हे पिवळं काय लावलं याले, कोणं लावलं? समोर पाहुणेही होते. म्या म्हटलं, "खांदेमळणी आहे, सर. याचा मालक आलता." येवढं मोठ्यानं मी कधी बोलली नव्हती.  सरनं डांबरगोळ्या आणून पायापाशी ठेवल्या, हळद पुसाले लावली नाही.

नाजिश


वरवट बकाल
२ ऑक्टोबर २००७

नाजिश,

रडली. अन् चूप आहे.

आबा आता आजारी आहे, उठत नाही. खोकला आहे. बाबा त्याच्या उशाशी बसते. दोघं बोलतेत, पाऊस, सोयाबीन, पुंजाजीची सून. तेवढंच म्या मांगतलं होतं.

काल आबा म्हणे, "मंजू, मामूचं पत्र काऊन नाही आलं? नाजिशले लिह्य, मुंगश्याची खबर पाठव." म्या त्याच्याकडे पाह्यलं. तो माह्याकडे पाहूनच नव्हता राह्यला, बाबाकडे तोंड होतं त्याचं. बाबा त्याच्या पायाले तेल लावून राह्यला होता. आबा म्हणे, "जान्यालेही ऐकाचं आहे."

तवा लिह्य. लवकर लिह्य.

मंजू


खामगाव
६ ऑक्टोबर २००७

"किसन आबाले अन् जानराव काकाले मामूचा सलाम.

मुंगश्या आहे तिथंच आहे. उभा आहे. पाऊस लय झाला पण त्याच्या अंगावर एक थेंब पडला नाही. माशा बसत नाहीत. खांद्याची हळद अजून गेली नाही. ज्या चिंचेखाली त्याले सावलीत सोडत होते तशीच चिंच इथं दारात आहे. कोणी त्याले जुवाले लावत नाही, कोणी बाजारात नेत नाही. पोरं येतेत अन् त्याले पाहतेत. रोज सकाळी एक पोरगी त्याचं अंग पुसते अन् घरच्या माणसाईची नावं त्याले सांगते, म्हणजे तो विसरत नाही.

जानराव काकानं घोर करू नये. घर चांगलं आहे."